हाडात रुजलेला दात

‘दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला दैवाचा विपरीत खेळ सांगावयाचा होता. परंतु दातांपुरते पाहिले तर तिच्यात अलंकार मुळीच नाही. दुधाचे दात पडले की दुसरे येतात. ते गेले की तिसऱ्यांदा येत नाहीत. या उणिवेवर मनुष्याने कवळीचा उपाय काढला. हस्तिदंताची कवळी झाली, लाकडाची झाली, एकोणिसाव्या शतकात कडक केलेल्या रबराची झाली. पण कवळी ही हिरडीवर बसणारी वस्तू. ती हाडात रुजत नाही. हसताना ती सुटते, चावताना रुतते, आणि तिच्याखालचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते. गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडातच नवे मूळ रोवावे, ही कल्पना म्हणूनच जुनी आहे. ती प्रत्यक्षात उतरली मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

या यशाची कथा सहसा एका धातूचा विजय म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेही. पण तो कथेचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग हिरडीच्या एका बारीक कडेशी घडला, आणि त्यातले मुख्य पात्र शस्त्रवैद्य नसून ज्याच्या तोंडात तो दात बसला तो मनुष्य आहे.

अठराव्या शतकातील लंडनमध्ये या कल्पनेने एक विलक्षण रूप घेतले होते. जॉन हंटर हा त्या काळचा थोर शस्त्रवैद्य. मानवी दातांवरील त्याचा ग्रंथ १७७१ साली प्रसिद्ध झाला. त्याने माणसाचा नुकताच उपटलेला दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून पाहिला, आणि तो तेथे धरला गेला. तुऱ्यासह दाताचा तो नमुना लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात जपलेला आहे. एका जिवंत शरीरातला दात दुसऱ्या जिवंत शरीरात टिकू शकतो, असा अर्थ यातून काढला गेला, आणि श्रीमंतांच्या तोंडांत गरिबांचे ताजे दात बसविण्याची टूम निघाली. टॉमस रोलंडसन याने १७८७ साली काढलेल्या एका व्यंगचित्रात हा सारा बाजार दिसतो. धुरांडी झाडणाऱ्या काळवंडलेल्या पोराचा दात उपटला जात आहे, शेजारी नटलेली स्त्री त्याची वाट पाहत बसली आहे, आणि दात विकून झालेली मुले गाल धरून दाराबाहेर पडत आहेत. गरिबाच्या देहातून श्रीमंताची सोय कशी होते, हे याहून उघड क्वचितच कोणी रेखाटले असेल.

परंतु त्या दाताबरोबर आणखीही काही येत असे. दात बसविल्यानंतर काही आठवड्यांनी हिरडीत व्रण पडल्याची, अंगावर चट्टे उठल्याची उदाहरणे वैद्यांच्या नजरेस येऊ लागली, आणि उपदंशाचा संशय बळावला. ज्यांना रोग झाला नाही त्यांचाही दात फार काळ टिकत नसे. परका दात शरीर हळूहळू मुळाकडून विरघळवून टाकी. शतक संपता संपता ही टूम ओसरली. तोंडात काही रोवणे म्हणजे रोगाला वाट करून देणे, हा धडा वैद्यकाला प्रथम मिळाला तो असा. पुढे तो विसरला गेला, आणि पुन्हा शिकावा लागला.

मग पाळी आली धातूंची. मॅजिओलो या दंतवैद्याने १८०९ साली सोन्याचे मूळ दाताच्या ताज्या खळग्यात बसविण्याची रीत वर्णिली. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील ग्रीनफील्ड याने १९१३ साली इरिडियम-प्लॅटिनमच्या तारेची पिंजऱ्यासारखी पोकळ नळी तयार केली. पोकळ कानशीने हाडात वर्तुळाकार खाच पाडावयाची, मधला हाडाचा खुंट तसाच ठेवावयाचा, आणि त्यावर हा पिंजरा टोपीसारखा बसवावयाचा, म्हणजे तारांच्या मधून हाड वाढून पिंजरा पकडून धरील, असा त्याचा तर्क होता. तर्क फार शहाणपणाचा होता. तेवढा गुणी धातू मात्र त्याच्या हाताशी नव्हता. बोस्टनमध्ये ॲल्विन स्ट्रॉक याने १९३८ च्या सुमारास व्हायटॅलियम या कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे मळसूत्री खुंट बसविले. त्यांतले काही बरीच वर्षे टिकले. त्यानंतरच्या तीस वर्षांत इटली, फ्रान्स, स्वीडन आणि अमेरिका या देशांत तारांच्या गुंडाळ्या, हाडावर खोगिरासारख्या बसणाऱ्या चौकटी, पात्यासारख्या पट्ट्या असे नाना प्रकार निघाले. त्या सर्वांची जंत्री देण्याचे कारण नाही, कारण बहुतेकांची अखेर एकाच तऱ्हेने झाली.

ती अखेर अशी. धातू आणि हाड यांच्यामध्ये मऊ तंतूंचा एक थर तयार होई. पुष्कळ तज्ज्ञांना तो थर दोष वाटत नसे. उलट खऱ्या दाताच्या मुळाभोवती निसर्गाने जी तंतूंची गादी ठेवली आहे, तिचाच हा अवतार होय, असे ते मानीत. वस्तुतः ती गादी नव्हती. परक्या वस्तूला वेगळे पाडण्यासाठी शरीराने घातलेली ती वेस होती. खुंट हलू लागे, हिरडीकडून जंतू खाली उतरत, पू होई, हाड खाल्ले जाई. १९७८ साली हार्वर्ड येथे भरलेल्या परिषदेने यशाची जी कसोटी ठरविली ती पाहिली म्हणजे त्या काळी अपेक्षा किती बेताच्या होत्या हे कळते. खुंट एका मिलिमीटरपर्यंत हलला तरी चालेल, त्याच्याभोवतीचे हाड एक-तृतीयांशापर्यंत झिजले तरी चालेल, आणि शंभरांपैकी पंचाहत्तर खुंट पाच वर्षे कामी आले म्हणजे पुरे. घराचा खांब हलतो आहे, पण छप्पर अद्याप डोक्यावर आले नाही, एवढ्यावर समाधान मानण्याचाच हा प्रकार होता.

गंमत अशी की, ही कसोटी ठरत असताना तिला जुनाट ठरविणारे काम स्वीडनमध्ये पुष्कळ पुढे गेले होते. ते ज्याने केले तो पेर-इंगवार ब्रॉनेमार्क दंतवैद्य नव्हता. १९५२ च्या सुमारास लुंड विद्यापीठात तो हाडातील मगजात रक्त कसे वाहते याचा अभ्यास करीत होता. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात टायटेनियमची एक बारीक नळी बसवून तिच्यातील काचेतून सूक्ष्मदर्शकाने पाहावयाचे, अशी त्याची पद्धत होती. प्रयोग संपल्यावर ही महागडी नळी काढून पुन्हा वापरावयाची. पण ती काही केल्या निघेना. हाड आणि धातू एकजीव होऊन बसले होते.

टायटेनियमचा हा गुण पाहणारा ब्रॉनेमार्क पहिलाच नव्हता, हेही सांगितले पाहिजे. १९४० साली मांजरांच्या हाडांत बसविलेल्या टायटेनियमला हाड चिकटल्याची नोंद झाली होती. १९५१ साली लेव्हेंथल या अमेरिकन शस्त्रवैद्याने उंदरांच्या मांडीच्या हाडात बसविलेले स्क्रू सोळा आठवड्यांनी इतके घट्ट झालेले पाहिले, की एक काढावयास गेला असता हाडच मोडले. गोष्ट डोळ्यांसमोर होती. तिचा पाठपुरावा मात्र ब्रॉनेमार्कने केला. या धातूच्या पृष्ठावर हवेशी संबंध येताच ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा चढतो. त्यामुळे तो शरीरातील द्रवात गंजत नाही, आणि हाडाच्या पेशी त्याच्या अंगाला भिडून वाढतात. या संलग्नतेला ब्रॉनेमार्कने पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव दिले.

ब्रॉनेमार्क पुढे गोटेबर्गला गेला. कुत्र्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग झाले, स्वयंसेवकांच्या दंडात टायटेनियमच्या बारीक नळ्या बसवून शरीर त्यांना कसे वागविते ते पाहिले गेले, आणि १९६५ साली पहिला रुग्ण शस्त्रक्रियेच्या मेजावर आला. तो चौतीस वर्षांचा होता. जन्मतःच त्याचा टाळू दुभंगलेला, जबड्याची ठेवण विकृत, आणि खालचे दात नाहीत. खाणे आणि बोलणे दोन्ही यातनामय. त्याच्या खालच्या जबड्यात चार मळसूत्री खुंट बसविण्यात आले, आणि हाड धरल्यावर त्यांवर दात उभारले.

या रीतीचे मर्म धातूइतकेच संयमात होते. हाडाला भोक पाडताना कानशी सावकाश फिरवावयाची आणि मिठाच्या पाण्याची धार सतत सोडावयाची, कारण तापलेले हाड मरते. हाडाचे तापमान एक मिनिट ४७ अंश सेल्सियसवर राहिले तरी इजा होते, असे गोटेबर्गच्याच संशोधकांनी १९८३ साली दाखवून दिले. खुंट बसला की हिरडी त्यावर शिवून टाकावयाची आणि वाट पाहावयाची: खालच्या जबड्यात तीन-चार महिने, वरच्यात पाच-सहा, कारण वरचे हाड अधिक विरळ असते. मगच हिरडी पुन्हा उघडून वर दात चढवावयाचा. पूर्वीचे लोक खुंटावर लगेच भार टाकीत, तो हलला की मध्ये तंतूंचा थर येई. पेरलेल्या बियाण्याला रोज उकरून पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखेच ते झाले. पुढे काही निवडक प्रसंगी हा काळ कमी करण्यात आला. पण रुजेपर्यंत खुंट हलता कामा नये, हा नियम कोणालाही मोडता आला नाही.

स्वीडनमधील दंतवैद्यांनी या परक्या माणसाचे स्वागत केले नाही. १९६९ सालच्या एका व्याख्यानानंतर एक वयोवृद्ध प्राध्यापक उठले आणि म्हणाले की, ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये झळकणाऱ्या माणसावर आपला विश्वास बसत नाही. हे प्राध्यापक एका दात-कोरणीच्या जाहिरातीमुळे घरोघरी माहीत झालेले होते. कोरण्यांच्या डब्यांवर झळकणाऱ्यांवर आपलाही विश्वास नाही, असे ब्रॉनेमार्कने उलट सुनावले. अशा चकमकींनी शास्त्र पुढे जात नसते. ते आकड्यांनी गेले. १९८१ साली गोटेबर्गच्या गटाने पंधरा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. ३७१ रुग्ण, ४१० जबडे, २,७६८ खुंट. नेहमीची पद्धत स्थिरावल्यानंतरच्या गटात वरच्या जबड्यातील ८१ टक्के आणि खालच्या जबड्यातील ९१ टक्के खुंट अढळ राहिले होते. १९८२ साली टोरोंटोच्या परिषदेत हे काम उत्तर अमेरिकेपुढे मांडले गेले, आणि वारा फिरला. १९८६ साली नवी कसोटी आली: खुंट मुळीच हलता कामा नये, आणि पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरहून कमी हवी. पहिली कसोटी आठ वर्षांत इतकी मागे पडली.

येथवरची कथा पुष्कळांना ठाऊक असते. तिच्यामुळेच एक भ्रमही पसरला: हाडात बसलेला हा दात किडत नाही, तेव्हा त्याची निगा ती काय राखावयाची! तो किडत नाही हे खरे. पण त्याच्या भोवतालची हिरडी आणि हाड धातूची नाहीत.

येथे १९६५ सालच्याच दुसऱ्या एका प्रयोगाकडे वळले पाहिजे. गोटेबर्गला पहिला रुग्ण बरा होत होता त्याच वर्षी डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हाराल्ड ल्यो याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक अत्यंत साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी, ज्यांत बहुतेक विद्यार्थी होते, दात घासणे बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासणे सुरू करताच थोड्या दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. हिरडीचा दाह वयाने येतो, आहाराने येतो, प्रकृतीने येतो, अशी अनेक मते तोवर नांदत होती. दातांवर साचणारे जंतूंचे किटण हेच त्याचे मूळ, हे या प्रयोगाने पक्के झाले. पुढे १९९४ साली याच धर्तीचा प्रयोग खुंट बसविलेल्या रुग्णांवर झाला. तीन आठवडे सफाई थांबताच खुंटाभोवतीची हिरडीही खऱ्या दाताभोवतीच्या हिरडीसारखीच सुजली. लंडनच्या त्या टुमेने शिकविलेला आणि विसरला गेलेला धडा तो हाच: परकी वस्तू हिरडी भेदून बाहेर येते तेथे जंतूंना दार मिळते.

खऱ्या दाताच्या बाबतीत निसर्गाने हे दार बरेच राखले आहे. हिरडीचे तंतू दाताच्या मुळात आडवे शिरून घट्ट गुंतलेले असतात, जणू कुंपणाच्या काठ्या. खुंटाभोवती ते त्याच्या अंगाला समांतर उभे राहतात. धातूत शिरू शकत नाहीत. तटबंदी आहे, पण कच्ची. १९९२ साली कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगात असे आढळले की, दाताभोवतीचा दाह हाडाच्या अलीकडे निरोगी पेशींच्या एका पट्ट्यापाशी थांबत होता. खुंटाभोवतीचा मात्र थेट हाडाच्या मगजात उतरला. शिवाय खऱ्या दाताला बोचते, दुखते, ठणका लागतो. धातूला वेदना नाही. हाड निम्मे खाल्ले गेले तरी खुंट घट्टच वाटू शकतो, कारण तळाशी तो धरलेला असतो. हिरडीतून रक्त येणे, लाली, दुर्गंध, पू एवढ्याच खुणा. आणि त्याही न दुखणाऱ्या असल्यामुळे दुर्लक्षिल्या जातात. दाह हिरडीपुरता असेल तर तो सफाईने बरा होतो. हाडापर्यंत गेलेल्या विकाराला ‘पेरी-इम्प्लांटायटिस’ म्हणतात; तो आवरण्यास कठीण, आणि गेलेले हाड पूर्णपणे परत मिळण्याची खात्री कोणी देत नाही.

इतर धोके या मानाने लवकर उघडकीस येतात. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. खुंट तिच्यावर गेला तर ओठ आणि हनुवटी बधिर होऊ शकते. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. तेथे हाड पातळ असल्यास खुंट तिच्यात शिरण्याचे भय. म्हणून आधी हाडाची उंची-जाडी क्ष-किरणांनी मोजून घेणे अगत्याचे. तंबाखूचा हिशेब १९९३ साली मांडला गेला: ५४० रुग्णांच्या २,१९४ खुंटांपैकी धूम्रपान करणाऱ्यांचे ११ टक्क्यांहून अधिक खुंट फसले, न करणाऱ्यांचे ५ टक्क्यांहून कमी. अनियंत्रित मधुमेहात जखम भरून येणे आणि जंतूंशी झुंजणे दोन्ही जड जाते. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा कर्करोग हाडात पसरल्यावर दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी जबड्याचे हाड मृत होऊ शकते, हे २००३ पासून वैद्यांच्या ध्यानात आले; अशी औषधे घेणाऱ्याने ती गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी दंतवैद्यापासून लपविणे घातक होय. रात्री झोपेत करकरा दात खाणाऱ्याचा खुंट नाही तर वरचा दात मोडतो. त्याला रात्रीचे संरक्षक आवरण वापरावे लागते. आणि कधी कधी दोष रुग्णाचा नसतोच: दात चिकटविण्याचे सिमेंट हिरडीखाली उरते आणि कुसळासारखे सलत राहते. २००९ सालच्या एका पाहणीत, खुंटाभोवती विकार झालेल्या शंभरांतील एक्क्याऐंशी ठिकाणी असे उरलेले सिमेंट सापडले, आणि ते काढल्यावर बहुतेक बरे झाले.

निगेचे स्वरूप त्यामानाने अगदी घरगुती आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहेरून गार पट्टी, मऊ आणि कोमट अन्न, जोराने चूळ भरून थुंकणे वर्ज्य, तंबाखू तर नाहीच. दंतवैद्याने दिलेल्या जंतुनाशक द्रवाने दुसऱ्या दिवसापासून हलक्या गुळण्या. टाके निघाले की पुष्कळांना वाटते, प्रकरण संपले. ते तेथून सुरू होते. रोज दोनदा मऊ कुंचल्याने हिरडीच्या कडेशी सफाई. दोन दातांच्या फटीत बाटली धुण्याच्या कुंचल्याच्या आकाराचा इवलासा कुंचला फिरविणे. अनेक दात एकत्र जोडलेले असतील तर त्या पुलाखालून जाड दोरा ओढणे. कोळशाच्या किंवा विटेच्या भुकटीने घासण्याची जुनी सवय कोणाला असेल तर ती येथे सोडलीच पाहिजे. अशा भुकटीने धातू आणि हिरडी दोन्ही ओरबाडतात. दर तीन ते सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे जावे, त्याने हिरडीची खोली हलक्या हाताने मोजावी, आणि दात बसविला त्या वेळचे क्ष-किरण चित्र जपून ठेवून पुढच्या चित्राशी ताडून पाहावे. पहिले चित्र हाताशी नसेल तर हाड किती गेले ते कशावरून ठरवावयाचे? हिरडीचा रोग होऊन ज्यांचे दात गेले त्यांनी तर अधिकच जपावे. ज्या जंतूंनी खरे दात घालविले ते तोंड सोडून गेलेले नसतात.

ब्रॉनेमार्क डिसेंबर २०१४ मध्ये वारला. त्यानंतर दोन वर्षांनी, २०१६ साली, गोटेबर्गच्याच संशोधकांनी स्वीडनच्या विमा-नोंदींतून निवडलेल्या सुमारे सहाशे रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. दात बसवून नऊ वर्षे झालेले हे लोक. त्यांतील ४५ टक्के जणांत खुंटाभोवतीचा दाह हाडापर्यंत पोहोचल्याच्या थोड्या तरी खुणा होत्या, आणि १४.५ टक्के जणांत हाड दोन मिलिमीटरहून अधिक गेले होते. ज्या नगरात हाडाने धातू स्वीकारला, तेथेच हा हिशेबही निघाला. तो धातूच्या विरुद्ध नव्हता. बहुतेकांचे खुंट जागेवर होते आणि लोक त्यांनी जेवत होते.

आणि १९६५ सालचा तो पहिला रुग्ण? तो २००६ साली मरण पावला. मेजावर आला तेव्हा ज्याला धड खाता येत नव्हते त्या माणसाने एकेचाळीस वर्षे त्या दातांनी अन्न चावले. त्याच्या खालच्या जबड्यात बसविलेले ते चार खुंट तेव्हाही जागेवर होते.